आरसीवर सीएनजी, पॉलिसीत पेट्रोल!

दरवर्षी गाडीच्या विम्याचं रिन्युअल आलं की माझं डोकं मे महिन्यातल्या सोलापुरासारखं तापतं. गाडीला सीएनजी किट बसवलं, आरटीओत हेलपाटे घालून आरसीवर चढवलं. एजंट म्हणाला, "आता काय टेन्शन न्हाई मालक." न्हाई कसं? आरसीवरची नोंद पॉलिसीत आपोआप उतरत नाही. कंपनीला वेगळं कळवायचं, किटची किंमत सांगायची, जादा प्रीमियम भरायचा, तेव्हा कुठं आयएमटी २५ चं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत गॅस किटची जोडनोंद, लागतं. एवढं करूनही नव्या पॉलिसीत पुन्हा नुसतं 'पेट्रोल'!

होटगी रोडला टेम्पोनं मागून डिकी चेपली, तर सर्व्हेअर आधी वाकून सिलिंडर बघतोय. अहो, टेम्पो काय गॅसच्या वासानं आला होता का? क्लेम अडकला. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". लेखी कारण मागितलं की सगळे मुके.

आता कंपनीच्या तक्रार कक्षाला मेल टाकलाय. ३० दिवसांत काही हाललं नाही तर पुण्याला विमा लोकपालांकडे जाणार. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही, हे एक बरंय.

तोवर गाडी गॅरेजात आणि मी सात रस्त्याला रिक्षावाल्याशी घासाघीस करतोय.