घरची मराठी बिघडलेली नसते

आज पालकसभा होती. माझ्या पुढच्या खुर्चीवर एक आई बसली होती, मांडीवर मुलाची वही. बाईंनी सगळ्यांदेखत तिला सुनावलं, "तुम्ही घरी जरा नीट बोलत जा हो. तुमच्यामुळे त्याचं मराठी बिघडतंय." ती "हो मॅडम" म्हणाली आणि सभा संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. घरी येऊन स्वयंपाक उरकला, तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहितेय.

माझी मावसबहीण सहावीत आमच्याकडे साताऱ्याला शिकायला आली. गाव खटाव तालुक्यातलं. मराठीच्या तासाला सरांनी जत्रेबद्दल बोलायला सांगितलं आणि ती उभी राहिली. पुसेगावच्या जत्रेत वडिलांबरोबर बैल विकायला गेली होती ती. खिल्लाराचा जबडा उघडून दात कसे बघतात, आदत म्हणजे अजून दुधाचे दात असलेला कुठला आणि चारदाती कुठला, दोन व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव कसा ठरवतात, सगळं हातवारे करून सांगत होती. वर्ग गप्प बसून ऐकत होता. "आमी बैलं घिऊन गेल्तो" हे वाक्य आलं आणि सर हसले. मग तेच वाक्य त्यांनी वर्गाकडून तीनदा म्हणून घेतलं, तिच्याच सुरात. रुमालाखालच्या बोटांचं पुढे काय झालं, ते राहूनच गेलं.

अशा वेळी मला डॉ. मॅक्सीन बर्नसन आठवतात. फलटणकरांच्या मॅक्सीनमावशी. बाई अमेरिकन. 1961 साली हैदराबादला कॉलेजात शिकवायला आल्या, पुढे भाषाविज्ञानातल्या पीएच.डी.साठी त्यांनी विषय घेतला तो फलटणच्या लोकांच्या बोलण्याचा. एकाच गावात जातीप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे बोलणं कसं वेगवेगळं होतं, याचा अभ्यास. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1973 ला तो प्रबंध झाला. परदेशी माणूस मराठी शिकायला बसला की आजही जी पुस्तकं हाती धरतो, त्यांतली महत्त्वाची त्यांनी लेखिका जाई निंबकरांबरोबर केलेली आहेत. अमेरिकेतून येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना पुण्यात मराठी शिकवलं.

एवढ्यावर कुणीही आयुष्यभर परिषदा करत फिरलं असतं. या बाई फलटणला राहिल्या. 1978 मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. मंगळवार पेठेतल्या दलित वस्तीत, शाळेत मागं पडलेल्या मुलांना वाचायला शिकवायला बसल्या. 1984 ला प्रगत शिक्षण संस्था काढली, 1986 ला कमला निंबकर बालभवन ही शाळा, तीही मराठी माध्यमाची. वाचन शिकवायची पद्धतही साधी: सगळी मुळाक्षरं घोकायची नाहीत, अक्षरांचा एक छोटा गट घ्यायचा आणि त्यातून लगेच मुलाच्या ओळखीचे शब्द वाचायला लावायचे. मूल जे बोलतं तिथूनच सुरुवात.

माझ्या बहिणीला असं कुणी भेटलं असतं तर? त्या दिवसानंतर तिनं वर्गात हात वर केला नाही. दहावीपर्यंत. हुशार पोर, गणितात पैकीच्या पैकी मार्क, आणि मराठीच्या तासाला बाकावर नख घासत बसायची. मी शेजारी बसायचे, मला माहीत आहे.

हो, अर्ज, परीक्षा, कोर्टकचेरी यांना प्रमाण मराठी लागते. शिकवा ना मग! एक भाषा शिकवायला दुसरीला लाथ कशाला मारावी लागते?

आणि हे सांगायला अमेरिकेतूनच कुणी यावं लागतं असंही नाही. अमृत माधव घाटगे आयुष्यभर प्राकृत आणि अर्धमागधी शिकवणारे प्राध्यापक, त्यांनी साठच्या दशकात महाडच्या कुणब्यांची बोली, कुडाळी, ठाण्याची वारली यांची व्याकरणं लिहिली. म्हणजे ज्या बोलण्याला वर्गात हसतात त्याला नियम आहेत, विभक्ती आहेत, पुस्तकं निघावीत इतकं त्यात काही आहे, हे विद्यापीठांना साठ वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. ते सहावीच्या वर्गापर्यंत का पोचलं नाही? बी.एड., डी.एड.ला शिकणाऱ्या किती जणांना यातलं एक पान वाचायला मिळतं? मराठी विभागांतून दरवर्षी प्रबंध निघतात, पण शेजारच्या झेडपी शाळेत पाऊल ठेवणारे प्राध्यापक माझ्या पाहण्यात फारच थोडे. जे जातात त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, ते वाचत असतील तर हा राग त्यांच्यावर नाही.

आजच्या बाईंवरही खरं तर आता उरला नाही. चाळीस मुलं, वर निवडणुकीची कामं, आणि त्यांनाही लहानपणी असंच कुणीतरी दटावलं असणार. पण त्या आईला सभेनंतर मी गेटपाशी गाठलं. "मुलगा घरी काय काय सांगतो?" विचारलं, तर ती पंधरा मिनिटं बोलायची थांबली नाही. शेळी व्यायली ती रात्र त्यानं तिला कशी सांगितली, ते तिनं मला त्याच्याच शब्दांत सांगितलं.

सोमवारी मुख्याध्यापकांना भेटायला जातेय. याच शाळेतले कुणी पालक माझ्या मित्रयादीत असतील तर साडेदहाला या. आणि डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावोगावच्या माणसांची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर खुली आहेत. लिंक पहिल्या कमेंटमध्ये टाकते. आपल्या जिल्ह्याचं काढून मुलांना ऐकवा.