गीझरचा तो थेंब टपकू द्या

‘गीझर कंपन्या तुमच्यापासून काय लपवतात’ नावाचा मेसेज सध्या नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. फिरेना का बापडा. पण मनीषनगरच्या मावशीने तो वाचून प्लंबरला बोलावलं आणि ‘त्या व्हॉल्व्हचं तोंड बंद करून दे’ असं फर्मावलं, तेव्हा उत्तर देणं भाग झालं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून रोज 20 लिटर पाणी वाया जातं, त्याला डेड प्लग (तोंड कायमचं बंद करणारं बूच) लावा. गीझर 24 तास चालू ठेवा, कारण सुरू होताना तो तिप्पट करंट ओढतो. आतला मॅग्नेशियम रॉड काढून टाका. वर्षातून एकदा गीझरमध्ये टॉयलेट क्लीनर ओता. गॅस गीझर बाथरूममध्ये बसवायचा तर खाली पाण्याची बादली भरून ठेवा, विषारी वायू पाणी शोषून घेतं. आणि पाच वर्षं झाली की गीझर बदलाच. (हे शेवटचं ऐकून कंपन्या काय लपवत असतील बुवा?)

डेड प्लगचं आधी बघू, कारण यात टाकी फुटते.

15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर नेलं की ते साधारण दीड टक्का फुगतं. म्हणजे सव्वादोनशे मिलीच्या आसपास पाणी जास्तीचं झालं. टाकी तेवढीच, नळ बंद, आणि थंड पाण्याच्या बाजूला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, असल्यामुळे पाणी मागेही जाऊ शकत नाही. ते जाणार कुठे? टाकीतला दाब वाढतो, व्हॉल्व्हवर कोरलेल्या आकड्याला, बहुतेक घरगुती गीझरांत 8 बारला (बार हे दाबाचं माप), स्प्रिंग उचलली जाते आणि थेंब थेंब पाणी बाहेर पडतं. मेसेजवाल्याने खाली मग ठेवून मोजलं असतं तर एका तापवणीला पाव लिटरही भरलं नसतं. 20 लिटर कुठून आणले, त्यालाच ठाऊक. जुन्या घरांत एअर पाइप वरच्या टाकीच्याही वर नेलेला असायचा, म्हणून फुगलेलं पाणी तिकडे चढायचं आणि थेंब दिसायचा नाही. आताच्या जोडणीत तो दिसणारच.

प्लग लावल्यावर काय होतं? पहिल्या दिवशी काहीच नाही, आणि तीच तर पंचाईत आहे. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून प्रत्येक तापवणीला पत्र्यावर आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर ताण येतो. कालांतराने सांधा उकलतो, टाकी गळायला लागते, हा त्यातल्या त्यात बरा शेवट. वाईट शेवट पाणी तापल्यावर वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले की होतो. अशा वेळी थर्मल कटआउटने वीज तोडायची असते. पण ‘वारंवार ट्रिप होतो’ म्हणून कुणी मेकॅनिक तो डायरेक्ट करून, म्हणजे मधून वगळून, गेला असेल, तर पाणी तापतच राहतं. 8 बारच्या दाबाखाली पाणी 100 नव्हे, 175 अंशांच्या आसपास उकळतं. त्या अवस्थेत टाकी फाटली की आतल्या पाण्याचा साधारण सातवा हिस्सा त्याच क्षणी वाफ होतो, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरच्या वर जागा मागते. बाथरूम केवढं असतं, सांगा.

हे माझं मत नाही. साठवणीच्या वॉटर हीटरच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी 60335 चा भाग 2-21. सोबतच्या माहितीपत्रकात काय लिहायलाच हवं, ते त्यात सांगितलंय: दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या नळीतून पाणी टपकू शकतं, ती नळी हवेत उघडीच ठेवायची, आणि खार काढण्यासाठी व व्हॉल्व्ह अडकलेला नाही हे बघण्यासाठी तो अधूनमधून चालवायचा. तुमच्या गीझरचं मॅन्युअल कपाटात पडलं असेल, काढून वाचा.

थेंबाचा खरोखर त्रास होत असेल तर आधी एवढं तपासा. रात्री गीझर बंद ठेवा. सकाळी, पाणी थंड असताना, टपकतंय का बघा. तापतानाच टपकत असेल तर सगळं ठीक आहे. नळीला पारदर्शक पाइप लावून तो उताराने मोरीपर्यंत न्या, मध्ये कॉक बसवू नका. थंड असतानाही टपकत असेल तर दोन शक्यता. व्हॉल्व्हच्या सीटवर खार किंवा कचरा बसलाय: पाणी थंड असतानाच त्याचा छोटा दांडा तीन-चार वेळा उचलून सोडा, धार निघून सीट धुतली जाते. तरी थांबलं नाही तर तेवढ्याच बारचा नवा व्हॉल्व्ह लावा. किंवा सोसायटीच्या प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे: मग थंड पाण्याच्या लाइनवर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह लागेल. नुसत्या गच्चीवरच्या टाकीचा दाब मात्र दहा मीटरला जेमतेम एक बार असतो, त्याला दोष देऊ नका.

आता 24 तास चालू. तिप्पट करंट मोटारीला लागतो, कॉइलला नाही. 2000 वॉटचा गीझर सुरू होताना जे पावणेनऊ अँपियर घेतो तेच शेवटपर्यंत घेतो. वर सांगितलेली तापवणी सुमारे 0.7 युनिटची, वीस-बावीस मिनिटांची. उलट चालू ठेवलेली टाकी दिवसभर उष्णता सोडत बसते. किती, ते बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेच्या) स्टार लेबलवर छापलेलं असतं: 24 तासांना, 45 अंशांच्या फरकाला इतके युनिट. समजा अर्धा युनिट. महिन्याला 15 युनिट झाले, आणि त्यातून आंघोळीला एक तांब्याही मिळाला नाही. महावितरणच्या बिलात ते तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. घरातले चौघे सकाळी पाठोपाठ आंघोळ करणार असतील तर तेवढा वेळ चालू ठेवा, त्याने काही बिघडत नाही.

मॅग्नेशियम रॉडबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करतो. हुडकेश्वर, बेसा, बेलतरोडीकडच्या बोअरच्या पाण्यात या रॉडमुळे कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो; पाण्यातले जिवाणू आणि मॅग्नेशियम मिळून तो तयार करतात. पण रॉड काढून टाकणं हा इलाज नाही. टाकीऐवजी गंजायचं काम त्याचं. तो नसला की गंज इनॅमलच्या, म्हणजे टाकीच्या आतल्या काचेसारख्या लेपाच्या, बारीक भेगांतून पत्र्याला लागतो. थर्मोस्टॅट एकदा पूर्ण वर नेऊन पाणी तापवा आणि टाकी रिकामी करा. वास परत आला तर ॲल्युमिनियम-झिंकचा रॉड मिळतो. बोअरचं पाणी असेल तर दरवर्षी फ्लँज (कॉइल बसवलेली खालची चकती) उघडून रॉड बघा. आतली तार दिसायला लागली की नवा टाका, गॅस्केटही (फ्लँजखालचं रबरही) नवंच.

त्याच वेळी कॉइलवरचा खार निघतो. कॉइल बाहेर काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते तांब्याची कॉइल आणि सांधे खातं, आणि टाकीत उरलेलं तुमच्या डोक्यावर येतं.

बादलीवर काय बोलायचं? गॅस गीझरमधून येणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास ज्योतीत जळून जातो, त्यामुळे ‘वास आला की बाहेर येऊ’ हेही चालत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, माणूस आतून कडी लावलेल्या बाथरूममध्ये कोसळतो. गीझर गॅलरीत, उघड्या हवेत लावा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. ज्योत निळ्याची पिवळी झाली तर वापर बंद करून बर्नर साफ करून घ्या.

राहिली पाच वर्षांची मुदत. कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, व्हॉल्व्ह, गॅस्केट, सगळं सुटं मिळतं. गीझर गळत असेल तर मेन स्विच बंद करा, खालचं झाकण उघडा, सगळं कोरडं पुसा आणि फ्लँजभोवती कोरडा कागद फिरवा. कागद तिथेच ओला झाला तर गॅस्केट गेलंय, ते बदला. फ्लँज कोरडा आणि पाणी वरून, फोमच्या आतून झिरपत येत असेल तर टाकी गेली. ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. त्या आचेने आतलं इनॅमल जळतं आणि टाकी पुन्हा तिथेच गळते.