आई तेव्हा कुठे होती, विचारता?

आत्ताच मानेवाड्याहून साक्षगंधाचं जेवण करून घरी आलो. आई साडी न बदलता तशीच पलंगावर पडली आहे, आणि मला हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून लिहून राहिली आहे. लांब होईल.

झालं असं की जेवणं आटोपल्यावर पोट्ट्यांनी अंताक्षरी मांडली, तिथून गाडी सिनेमाच्या डायलॉगवर गेली आणि आई आपली हौसेने म्हणाली, "मी मागच्या उन्हाळ्यात शोले पाहिला. पहिल्यांदाच." बस. सगळा हॉल हसला. "आजी, आता? इतकी वर्षं कुठे होत्या तुम्ही?" आईला पुढे काहीतरी सांगायचं होतं, काय सांगायचं होतं ते मला माहीत आहे, तिने दोनदा तोंड उघडलंही, पण तोवर एकाने गब्बर सुरू केला, दुसरा खुर्चीवर चढून वीरू झाला, आणि मग आईसुद्धा सगळ्यांसोबत हसायला लागली. तिच्या त्या हसण्याने माझं डोकं जास्त फिरलं. येताना ऑटोत मेडिकल चौकापर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

कुठे होती ते मी सांगते. १५ ऑगस्ट १९७५ ला शोले आला तेव्हा ती १७ वर्षांची, काटोलजवळच्या खेड्यात, आणि आजोबांच्या घरात पोरींनी टॉकीजचं नाव काढायची सोय नव्हती. ७९ ला लग्न होऊन नागपूरला आली, महालात. बाबा म्हणायचे नेतो तुला बर्डीला पिक्चरला, नेतो नेतो करता करता ८४ मध्ये बाबाच गेले. आई २६ ची, मी ३ वर्षांची. त्यानंतर ती नटूनथटून नाही, नुसती साधी तिकीट काढून पिक्चरला गेली असती तरी वाड्यात काय बोललं गेलं असतं हे माझ्या इथल्या मैत्रिणींना समजावून सांगायची गरज नाही. ती शिलाई मशीनवर होती, बाप्पा! फॉल-पिको, ब्लाउज, दिवाळीच्या आधी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. तिथे होती ती.

आता मागच्या मे महिन्याचं सांगते. मी लॅपटॉप टीव्हीला जोडून शोले लावला, मीही तो कधी पूर्ण पाहिला नव्हता, येता-जाता तुकडे पाहिलेले. डायलॉग सगळे पाठ, गोष्ट माहीत नाही. दुपारची वेळ, कूलर फुल, आणि संध्याकाळचा तो सीन आला, जया भादुरी, म्हणजे त्यातली राधा, पांढऱ्या साडीत हवेलीतले दिवे एकेक करून मालवते आणि समोर पायरीवर अमिताभ माउथ ऑर्गन वाजवतो. आई उठली आणि कूलर बंद केला. मे महिन्यात! म्हणाली, "ऐकू येऊन नाही राहिलं नीट." पुढचे दोन तास आम्ही घामाने निथळत बसलो, तिने कूलर परत लावू दिला नाही.

नंतर तो होळीचा भाग येतो, राधा लग्नाआधी किती बडबडी होती ते हवेलीतला नोकर रामलाल सांगतो, तेव्हा आई हळूच म्हणाली, "मले कोणी सांगितलंच नाही यात ही आहे म्हणून."

पन्नास वर्षं लोक या सिनेमाबद्दल बोलताहेत, बसंती, टांगा, सांभा, नाणं, सगळं सांगितलं, आणि त्यात एक तरुण विधवा आहे, तिचा सासरा तिचं दुसरं लग्न लावायला निघतो, स्वतः तिच्या बापाकडे जाऊन बोलतो, हे माझ्या आईला एकानेही सांगितलं नाही. काहून नाही सांगितलं? ते दिव्यांचं दृश्य जेमतेम दोन मिनिटांचं आहे आणि ते टिपायला २० दिवस लागले होते, कारण कॅमेरामन द्वारका दिवेचांना सूर्य बुडता बुडताचा तोच उजेड हवा होता आणि तो रोज काही मिनिटंच मिळायचा. एवढा जीव ओतला कोणीतरी त्या बाईच्या दिव्यांवर. आणि आपण काय पाठ केलं, तर कितने आदमी थे.

हो, पोरं मनाने वाईट नाहीत, माहीत आहे मला, त्यातल्याच एकाने उठून आईला मठ्ठा आणून दिला. आणि हो, आता मोबाइलवर सगळंच मिळतं, पाहायचं तर कोणीही पाहू शकतं, मान्य. पण मिळणं वेगळं आणि घरात बसून तीन-सव्वातीन तास फक्त स्वतःसाठी काढायचे, त्यात कोणाचं जेवण नाही, कोणाची ऑर्डर नाही, ही परवानगी स्वतःला द्यायला आईला ६७ वं वर्ष उजाडावं लागलं. त्यावर तुम्ही हसता? जरा थांबून विचारायचं तरी, आजी, तुम्हाला काय आवडलं त्यात? एवढंच हवं होतं हो तिला.

शोलेनंतर तिनेच मागून मागून सिनेमे पाहिले. उंबरठा पाहिला, १९८२ चा, जब्बार पटेलांचा. त्यातलं सुन्या सुन्या मैफिलीत तिने मशीन चालवता चालवता रेडिओवर किती वेळा ऐकलं असेल, ते लिहिणारे सुरेश भट म्हणजे आपल्या विदर्भाचे, रेशीमबागेत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, त्यावरून आम्ही शंभरदा गेलोय. पण ते गाणं कोणत्या बाईचं आहे हे तिला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. घर सोडून महिलाश्रमात नोकरीला गेलेली स्मिता पाटील पडद्यावर पाहिली आणि गाणं संपल्यावर म्हणाली, "थांबव जरा." मी थांबवलं. काही बोलली नाही, पाणी प्यायली, मग म्हणाली, "लाव आता."

असं पाहणं विशीत जमलं असतं का तिला? मला नाही वाटत. विशीत तिने शोलेत घोडे पाहिले असते. हे मी सांत्वन म्हणून लिहीत नाहीये, मी शेजारी बसून तिचा चेहरा पाहिलाय.

आणि खरं सांगू, राग माझा मलाही येऊन राहिला. आज हॉलमध्ये मी उठून म्हणायला हवं होतं, थांबा रे, आईला बोलू द्या. नाही म्हटलं. नवरीकडच्या लोकांसमोर कशाला, असं वाटलं. घरी येईपर्यंत तो कूलर बंद करायला उठलेली आई डोळ्यांसमोर होती, गुडघे दुखतात तिचे, तरी मला न सांगता स्वतः उठली होती.

रविवारी संध्याकाळी आमच्याकडे पिंजरा लावणार आहोत. शांतारामबापूंचा, १९७२ चा. मीही पाहिलेला नाही. ज्यांना यायचं त्यांनी खुशाल या, सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, करणार आहे. फक्त शेवट कोणी सांगू नका, तिला माहीत नाही.