‘काय डोंबल दिसणार?’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, टाचेतून ध्वनी पाठवून हाडाची तपासणी करणाऱ्या यंत्रावर मी लेख लिहिला होता; त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘हाडामागे काळी सावली पडते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. सोनोग्राफीत हाडाच्या आतलं काय डोंबल दिसणार? वाचून हसू आलं. टाचेचा टी-स्कोअरही डेक्साशी जुळत नाही.’ (डेक्सा म्हणजे क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजणारी तपासणी; टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतला आकडा.)

एक मान्य. ‘घनता मोजतात’ असं मी लिहिलं, ते चुकलं. मोजतात तो ध्वनीचा वेग आणि त्याचं क्षीण होणं; घनता हा त्यावरून बांधलेला अंदाज. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘डोंबल’? मतभेद असू द्यात, ही कुठली पद्धत? सावली मलाही दिसते हो! अकरा वर्षं प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा सोनोग्राफीचा दांडा, हातात आहे, बरगड्यांच्या सावल्या चुकवत यकृत शोधण्यात त्यातली निम्मी गेली. नेहमीचा प्रोब काही मेगाहर्ट्‌झवर ध्वनी सोडतो आणि त्याच बाजूला प्रतिध्वनीची वाट बघत बसतो; हाडामागून तो परत येत नाही, म्हणून सावली. टाचेच्या यंत्रात एका बाजूने सोडायचं, दुसऱ्या बाजूने ऐकायचं, तेही ०.२ ते ०.६ मेगाहर्ट्‌झवर. वारंवारता वाढेल तसा ध्वनी किती जास्त गळतो, त्यावरून हाडाच्या आतल्या सच्छिद्र जाळीचा अंदाज येतो. लँग्टन, पामर आणि पोर्टर या संशोधकांनी हे १९८४ मध्येच मांडलं. त्यांनाही हसणार?

प्रोजेक्टच्या वेळी मी स्वतः जनावराच्या हाडाची चकती पाण्याच्या टाकीत दोन ट्रान्सड्यूसरच्या (एक ध्वनी सोडणारा, दुसरा ऐकणारा) मध्ये धरली होती. पडद्यावर सपाट रेघ. ‘हाडातून काही जात नाही,’ मीही तुमच्याच ऐटीत म्हणालो. सरांनी न बोलता चकती पाण्यासकट व्हॅक्यूमखाली ठेवली. छिद्राछिद्रांतून बुडबुडे निघतच राहिले. परत धरली, तर लाट आली! अडवत होती ती आत अडकलेली हवा. तेव्हा मी ओशाळलो होतो, हसलो नव्हतो.

‘दिसणार’ म्हणजे चित्रच हवं असेल, तर तेही आहे. मशीन सगळीकडे १५४० मीटर प्रति सेकंद हाच वेग धरून चालतं. हाडाच्या टणक कवचात तो दुपटीहून जास्त, म्हणून आतलं चित्र फिसकटतं. हा वेग आणि वक्रीभवन हिशेबात धरून रेनो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जिवंत माणसाच्या हाडातली कवचाची आतली कड दाखवली.

राहिलं डेक्सा. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ, ही रेघ डेक्सासाठी आखलेली आहे, ती टाचेला लावू नये, हे लेखातच होतं. शेवटपर्यंत वाचला असतात तर सापडलं असतं.

यापुढे ‘डोंबल’ असलेली प्रतिक्रिया प्रसिद्ध करणार नाही.