माझी अंगठी हरवलेली नाही

अमावास्येची ओहोटी, पाणी पार लांब हटलेलं. गळाला लावायला लगवर्म, म्हणजे वाळूतले किडे, काढत होतो. हातात दाताळं, कारण सपाट फावड्याने किड्याचे दोन होतात आणि दोन्ही बिनकामाचे.

"काय हरवलंय?"

मागे हात बांधून एक गृहस्थ उभे.

"काही नाही. किडे काढतोय."

"सोन्याची होती का?"

मी समजावायला गेलो, तिथेच चुकलो. म्हटलं, हा किडा इंग्रजी यू अक्षरासारख्या बिळात राहतो. वाळूत खळगा दिसतो तिकडे तोंड. पेस्ट पिळल्यासारखं वेटोळं दिसतं तिकडे शेपूट. वेटोळं म्हणजे त्याने गिळून मागून सोडलेली वाळू.

"म्हणजे अंगठी या दोहोंच्या मध्ये," गृहस्थ म्हणाले.

खणायची जागा खरंच तीच होती, हे जास्त झोंबलं. ती दाखवायला ते नेमके तिच्यावर जाऊन उभे राहिले. दणका बसला की किडा खाली सरकतो. खाली म्हणजे वीतभर नव्हे, हातभर. तेवढं कोण खणणार? मी. ते नाही.

त्यात बोट आधीच ठणकत होतं. चिखलाच्या पट्ट्यात रॅगवर्म नावाचा दुसरा किडा चावला होता. त्याच्या दोन्ही कडांना पायांची झालर असते, पाठीवर लाल रेघ, आणि तोंड उलटून बाहेर आलं की दोन काळे आकडे. लगवर्म बिचारा बिनजबड्याचा: मऊ, मधल्या भागात कल्ल्यांचे लाल झुपके, शेपटीत नुसती वाळू. हा फरक वाचून कळला असता तर बरं झालं असतं.

तोवर फिरायला आलेले आणखी चौघे जमले. गृहस्थांनी परस्पर खुलासा केला, "लग्नातली आहे." एक बाई हळहळल्या. "घरी अजून सांगितलं नसेल ना?" एकाने उकरलेली वाळू बुटाने चाळायला घेतली आणि माझा सकाळचा पहिला अखंड किडा चिरडला. "शी! किडे आहेत इथे," तो मला म्हणाला. मला!

माझ्यासकट सहा माणसं, बारा हात; पैकी दाताळ्याला लागले दोन. मोकळी जागा केवढी होती, पण उभं राहायचं ते माझ्याच खड्ड्याच्या काठावर. वाकलेला माणूस दिसला की लोकांना मुकादम व्हायची हुक्की का येते?

पाणी वळलं. डब्यात तीन किडे, त्यातला एक अर्धा. तो वेगळा ठेवला, नाहीतर बाकीचेही नासतात. उघडे खड्डे सोडू नयेत म्हणून वाळू लोटायला लागलो, तर गृहस्थ खरोखर चिडले.

"बुजवताय काय? मग सापडणार कशी?"