ग्रिपरपेक्षा आधी तारांची उंची बघा

"बोटांत ताकद यावी म्हणून रोज स्प्रिंगचा ग्रिपर दाबा" हा गिटारच्या सरावावरच्या लेखातला सल्ला नवशिक्यांनी कृपया मनावर घेऊ नये. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात, त्यांच्या कंडरा मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातात. गिटार वाजवताना तेच स्नायू सतत राबतात, त्यांच्यावर आणखी भार कशाला? त्यापेक्षा बोटांच्या टोकांभोवती रबरबँड अडकवून पंजा हळूहळू उघडा, म्हणजे उलट बाजूच्या स्नायूंनाही काम मिळतं.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये गिटार शिकवतो. हात दुखतो म्हणणाऱ्या मुलांची ताकद बहुतेकदा पुरेशी असते, गिटारच्या ताराच मानेपासून, म्हणजे बोटं दाबतो त्या दांड्यापासून, फार उंच असतात. सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) करून घेतला, बाराऐवजी दहाचा, म्हणजे पातळ तारांचा, सेट लावला आणि बोट फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) अगदी मागे टेकवलं, की एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागणारा एफचा बार कॉर्डसुद्धा कमी जोरात स्वच्छ वाजतो. परवा एका मुलीने गिटारच्या मानेमागे अंगठा इतका आवळला होता की नख पांढरं पडलं होतं. अंगठा काढून तोच कॉर्ड हाताच्या वजनावर धरायला लावला, तर सगळ्या तारा बोलल्या!

आणि आपल्याकडच्या थंडीत, पारा दहाच्या खाली असताना, गारठलेल्या बोटांनी थेट वेगाचे स्केल्स (स्वरांचे चढ-उतार) वाजवू नका. आधी हात कोमट पाण्यात धरा. बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा येत राहिला तर व्यायाम वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा. लेखात याबद्दल एक ओळ तरी हवी होती.