घड उलटा आहे, भाऊ

मागच्या उन्हाळ्यात जळगावात एका उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर केळीचा भलामोठा घड रंगवत होते. पारा ४५ च्या पुढे, आणि दोन पोरं डोक्याला रुमाल बांधून शिडीवर. हात चांगला होता त्यांचा. मी मोबाइलवर फोटो काढत होतो, तेवढ्यात चोपड्याकडचे एक काका शेजारी येऊन थांबले. मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "भो, हाऊ घड उलटा शे ना!"

होताच. घड खाली लटकतो, पण त्यातली केळी वर वळलेली असतात आणि पार तळाशी केळफूल. इथे सगळी केळी द्राक्षांसारखी खाली लोंबत होती. रावेर-यावलकडचं शाळकरी पोरसुद्धा हसेल. ज्या केळीला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय, तीच आपण आपल्या गावात उलटी टांगली.

पोरांवर राग नाही. बाहेरगावची, हातात चार दिवस, आणि वरून आलेली यादी: केळी, बहिणाबाई, अजिंठा, स्वच्छता. (अजिंठा आपल्या जिल्ह्यात नाही, पण पाहुण्यांना आपणच दाखवतो, त्यामुळे चालतं.) पुढच्याच भिंतीवर बहिणाबाईंच्या हातात वही-पेन दिलंय. ज्या माउलीला अक्षरओळख नव्हती, जिच्या ओव्या घरच्यांनी ऐकून उतरवून घेतल्या म्हणून टिकल्या, तिला आपण लिहायला बसवलं. तिच्या माहेरी, आसोद्यात कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

माझं म्हणणं एवढंच की आधी चौकात दोन दिवस बसा, चहा प्या, लोकांना विचारा, मग डबा उघडा. आणि गावातल्या पेंटरला सोबत घ्या. माझ्या ओळखीचे एक आहेत. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं केलंय. खडूची दोरी ताणून टण्णकन मारली की पंधरा फूट सरळ रेघ. फ्लेक्स आला आणि धंदा बसला. भिंती रंगवायचं काम निघालं तेव्हा चौकशीला गेले, तर अनुभवाचा दाखला मागितला. चाळीस वर्षं गाव रंगवलेल्या माणसाकडे!

त्यांनी मला भिंतीला बोट लावून दाखवलं. ओलीनं क्षार फुटून लोणा लागलेला. खरवडायचं नाही, प्रायमर नाही, थेट रंग. "दिवाळीपर्यंत पोपडे निघतील," म्हणाले. अजिंठ्याच्या कारागिरांनी आधी माती-भुशाचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग कुठे गेरू-काजळाला हात घातला. अजिंठा भिंतीवर काढायचा तर निदान ही सवय तरी उचला.

विषयांचाही दुष्काळ नाही. भुसावळच्या भिंतीवर रेल्वेचा गँगमन का नको? श्रावणात आपल्या खान्देशी देवीचा, कानबाईचा रोट जमून खाणारं आख्खं घर? चाळीसगावात तिथलेच छायाचित्रकार केकी मूस का नकोत? जो माणूस अनेक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही, त्याला भर चौकात उभं करण्यात गंमत आहे.

तर त्या दिवशी काकांनी शिडीवरच्या पोराला खाली बोलावलं. तळहात वर धरून बोटं आकड्यासारखी वळवली आणि म्हणाले, "आशी." पोरगा हसला, त्यानं त्या हाताचाच फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तळापासून दुरुस्तीला लागला. दुपारी शिडी परत न्यायला टेम्पो आला.

आता तिथे वरच्या तीन फण्या खाली बघतात, खालच्या दोन वर.